वळिवडे येथील पोलिश वसाहत आणि परतीचा प्रश्न (१९४३-१९४८)

१

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहर मागे पडल्यानंतर थोड्याच वेळात वळिवडे हे लहानसे स्थानक लागते. त्याच्या परिसरातील वस्ती आज गांधीनगर या नावाने ओळखली जाते व कापडाच्या घाऊक व्यापाराविषयी ती प्रसिद्ध आहे. याच जागी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत होती, ही गोष्ट कोल्हापूरकरांना अपरिचित नाही. महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ तिची साक्ष देतो. २०१७ मध्ये वॉर्सा येथे या वसाहतीचे स्मारक उभारले गेले. २०१९ मध्ये पोलंडच्या शासकीय प्रतिनिधींच्या उपस्थितीत कोल्हापुरात स्मृतिसमारंभ झाला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील स्मारकास पुष्पांजली वाहिली.

या सर्व प्रसंगी जो इतिहास सांगितला जातो, त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला आपल्याकडील होय. त्याचा विषय आश्रय हा आहे : संकटात सापडलेल्या परदेशीयांना कोल्हापूरने जागा दिली. दुसरा पोलिश असून त्याचा विषय बालपण हा आहे : सैबेरियाच्या नरकातून सुटलेल्या मुलांना वळिवड्याला ऊन, फळे, शाळा आणि खेळ मिळाले. दोन्ही कथने आपापल्या परीने खरी आहेत. तथापि, ज्या स्त्रिया या मुलांना घेऊन येथवर आल्या व ज्यांना येथून त्यांना घेऊन पुन्हा कोठे तरी जावयाचे होते, त्यांचा प्रश्न या दोन्ही कथनांत दुय्यम ठरतो. तो प्रश्न असा होता : लहान मुलांना घेऊन आता कोणत्या देशी जावे? प्रस्तुत लेखात वळिवड्याच्या पाच वर्षांकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्या दृष्टीने पाहता ही वसाहत म्हणजे केवळ औदार्याची किंवा सुखद आठवणींची हकीकत राहत नाही. परतीच्या आशेवर उभे राहिलेले आणि परतीची वाट बंद झाल्यावर विखुरलेले असे एक समाजजीवन आपल्या दृष्टीस पडते.

२

ही कुटुंबे मूळची पोलंडच्या पूर्व प्रांतांतील होती. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने व १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले आणि देशाची वाटणी झाली. सोव्हिएत ताब्यात आलेल्या पूर्वभागातून फेब्रुवारी, एप्रिल व जून १९४० आणि पुन्हा मे-जून १९४१ अशा चार लाटांत लोकांची हद्दपारी झाली. हद्दपार झालेल्यांची संख्या जुने पोलिश लेखक दहा लाखांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक धरीत. १९८९ नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांवरून ती सव्वातीन लाखांच्या आसपास दिसते. आकड्यांचा हा वाद महत्त्वाचा असला, तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने या लाटांचे स्वरूप अधिक उद्बोधक आहे. फेब्रुवारीच्या लाटेत पहिल्या महायुद्धानंतर पूर्वसीमेवर जमिनी मिळालेले सैनिक-शेतकरी व वनखात्यातील नोकर सहकुटुंब नेले गेले. एप्रिलची लाट मुख्यतः स्त्रियांची व मुलांची होती. अटकेत असलेल्या अधिकाऱ्यांची, पोलिसांची व शासकीय सेवकांची ती कुटुंबे होत. त्यांपैकी अनेकींचे पती त्याच वसंत ऋतूत कॅटिन व अन्य ठिकाणी ठार मारले जात होते. आणि याची वार्ता नसलेल्या त्यांच्या बायका मुलांसह कझाकस्तानच्या आगगाड्यांत बसविल्या जात होत्या.

हे पहिले प्रस्थान सर्वस्वी सक्तीचे होते. दुसऱ्या प्रस्थानात निवडीला थोडा अवसर होता, पण तो उपासमारीने मर्यादित केलेला होता. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर चढाई केली. ३० जुलै रोजी लंडनमधील पोलिश सरकार व सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. हद्दपारांना ‘माफी’ मिळाली आणि जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभारले जाऊ लागले. या सैन्याच्या आश्रयाला पोहोचावे म्हणून हजारो कुटुंबे उत्तरेकडील श्रमवसाहतींतून उझबेकिस्तानकडे निघाली. १९४२ च्या मार्च-एप्रिल व ऑगस्ट महिन्यांत कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यांत ३७ हजारांच्या आसपास नागरिक होते. टायफस, आमांश व दीर्घ उपासमार यांमुळे दोन हजारांहून अधिक पोलिश निर्वासित इराणच्याच भूमीत पुरले गेले. उरलेल्यांची सोय कोठे करावयाची हा प्रश्न मग ब्रिटिश सरकारपुढे उभा राहिला. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड व भारत अशी त्याची निरनिराळी उत्तरे निघाली. भारतात येणारे बहुतेक लोक जहाजाने कराचीला उतरत, तेथील तात्पुरत्या छावणीत राहत, आणि मग आगगाडीने वळिवड्याला येत.

३

वळिवड्याची वसाहत १९४३ च्या मध्यास, पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झाली. तिच्या स्थापनेचे श्रेय कोणाकडे जाते याविषयी आपल्याकडे काहीसा गोंधळ आहे. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरनजीक बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी उघडलेली छावणी आणि वळिवड्याची वसाहत यांची सांगड घालून दोन्ही ठिकाणी संस्थानिकाचे व्यक्तिगत औदार्य हेच प्रधान कारण मानण्याकडे कल दिसतो. वास्तविक ही दोन प्रकरणे भिन्न आहेत. बालाचडीची छावणी मुख्यतः अनाथ किंवा आईबापांपासून दुरावलेल्या मुलांची होती आणि तिच्या मुळाशी जामसाहेबांचा पुढाकार निःसंशय होता. वळिवड्याची वसाहत कुटुंबांची होती. हिंदुस्थान सरकारच्या योजनेनुसार ती कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत उभारली गेली आणि तिचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या खाती पडे. ते सरकार स्वतः ब्रिटिश कर्जावर चालत होते हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी बालवयीन छत्रपती होते व संस्थानचा कारभार रीजन्सीमार्फत चालत होता. राजर्षी शाहू महाराजांनी या नगरात विद्यार्थी-वसतिगृहांची जी परंपरा घालून दिली, तिच्याशी या वसाहतीचे भावनिक नाते जोडणे समजण्यासारखे आहे. परंतु ते कार्यकारण म्हणून सांगणे इतिहासाला धरून होणार नाही.

असे म्हणण्याने कोल्हापूरच्या वाट्याचे मोल कमी होत नाही. उलट ते योग्य ठिकाणी दिसू लागते. १९४३ हे वर्ष या भूभागाला सुखाचे नव्हते. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, धान्याची टंचाई सर्वत्र होती, शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ जोरात होती, आणि खुद्द कोल्हापुरात माधवराव बागल यांच्या नेतृत्वाखालील प्रजापरिषद जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत होती. ज्या सत्तेविरुद्ध लोक लढत होते, त्याच सत्तेने हे गोरे पाहुणे आणून ठेवले होते. असे असूनही वसाहतीच्या बाजारात भाजी, दूध व कापड विकणाऱ्या माणसांशी या स्त्रियांचा नित्याचा व्यवहार चालू राहिला. गोरेपणामुळे त्यांना कोणी राज्यकर्त्यांत गणले नाही. आश्रयाचा खरा अर्थ आज्ञापत्रापेक्षा या व्यवहारात शोधावा लागेल.

४

सरकारी भाषेत वळिवडे ही ‘छावणी’ होती; पोलिश लोक तिला ‘ओशेद्ले’, म्हणजे वसाहत, म्हणत. शब्दांतील हा भेद निरर्थक नाही. लांब बराकींचे कुटुंबवार भाग पाडलेले होते. प्रत्येक भागाला ओसरी, खोल्या व स्वतंत्र स्वयंपाकघर होते. भिंती चटयांच्या आणि छप्पर कौलारू होते. कुटुंबाला रोख भत्ता मिळे व स्वयंपाक घरोघरी होई. श्रमवसाहतीतील पावाचे मोजून मिळणारे तुकडे आणि इराणमधील सामुदायिक भोजनगृहे यांच्यानंतर या स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःची चूल आली होती. वसाहतीचे प्रमुख कॅप्टन व्लादिस्लाव यागिएल्लोविच हे होते. मुंबईतील पोलिश महावाणिज्यदूत एउगेनिउश बानासिन्स्की व पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी या नात्याने त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांचे निर्वासितांच्या कार्याकडे लक्ष असे. किराबाई पुढे भारतातच राहिल्या.

वसाहतीत चर्च, रुग्णालय, चित्रपटगृह व वाचनालय होते. परंतु तिचा कणा होता तो शाळांचा. बालवाडीपासून प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, तिच्या पुढील लायसियम व धंदेशिक्षणाचे वर्ग अशी संपूर्ण शिक्षणव्यवस्था पोलिश माध्यमातून उभी राहिली. शिकविणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. शाळेबाहेर बालवीर चळवळीचा विस्तार फार मोठा होता. कोझेल्स्कच्या बंदीशाळेतून, म्हणजे कॅटिनच्या उंबरठ्यावरून, वाचलेले तरुण अधिकारी झ्दिस्लाव पेश्कोव्स्की हे या चळवळीचे एक संघटक होते. ते पुढे धर्मगुरू झाले. पोलिश लोकांची भारताशी ओळख व्हावी यासाठी वांदा दिनोव्स्का यांनी विशेष परिश्रम घेतले. गांधीजींच्या या अनुयायी उमादेवी या नावाने परिचित होत्या. १९४४ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्यासह त्यांनी भारतीय-पोलिश ग्रंथमालेचा उपक्रम सुरू केला. औंध संस्थानातील लोकराज्याच्या प्रयोगाशी निगडित असलेले, वॉर्सात जन्मलेले हेच ते फ्रीडमन होत.

या सर्व खटाटोपाचा हेतू कोणता? मुलांना भारतात रुजविणे हा नव्हता, ब्रिटिश साम्राज्यातील नागरिक बनविणे हाही नव्हता. युद्ध संपल्यावर परत जावयाचे आहे आणि परत जाताना मुले पोलिश असली पाहिजेत, हा तो हेतू होता. त्यासाठीच भाषा, इतिहास, भूगोल, सण, नृत्ये व धर्मविधी यांवर एवढा भर होता. एका कल्पित उदाहरणाने या प्रयत्नाची निकड स्पष्ट होईल. फेब्रुवारी १९४० मध्ये तीन वर्षांचे असलेले मूल वळिवड्याला आले तेव्हा सहा वर्षांचे होते आणि १९४८ च्या आरंभी ते अकरावे वर्ष गाठत होते. अशा मुलाला आपले गाव आठवणे शक्य नव्हते. त्याचा पोलंड म्हणजे आईने सांगितलेला व बाईंनी फळ्यावर काढलेला पोलंड. अक्षरे त्याने वळिवड्यात गिरविली, पोहणे पंचगंगेत शिकले. आणि आपण ‘घरापासून दूर’ आहोत ही गोष्ट त्याला शिकवावी लागत होती.

मुलांच्या आठवणींतील वळिवडे आनंदी का आहे याचा उलगडा यातून होतो. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असेतो सोव्हिएत हद्दपारीविषयी उघड बोलणेच शक्य नव्हते. १९८९ नंतर ते शक्य झाले आणि भारतात राहिलेल्या पोलिश लोकांच्या मंडळाने आठवणी व कागदपत्रे यांचे मोठे संकलन प्रसिद्ध केले. हे कार्य मोलाचे आहे. पण ते झाले तेव्हा आठवण सांगणारी पिढी ही एके काळच्या मुलांची होती. माता बहुतांशी निवर्तल्या होत्या. साहजिकच आपल्या साधनांत ऊन आहे, आंबे आहेत, सहली आहेत. मात्र रात्री कंदिलाच्या उजेडात टपाल वाचणाऱ्या स्त्रीच्या मनात काय चालले होते, ते अनुमानानेच जाणावे लागते. हे अनुमान निराधार नाही, कारण त्या टपालातून कोणत्या वार्ता येत होत्या हे आपणांस ठाऊक आहे.

५

एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे वसाहत उघडण्यापूर्वी थोडेच दिवस, कॅटिनच्या सामुदायिक कबरींचे वृत्त प्रकट झाले आणि सोव्हिएत सरकारने पोलिश सरकारशी असलेले संबंध तोडले. मे १९४४ मध्ये आंडर्स यांच्या सैन्याने इटलीत माँटे कॅसिनो जिंकले. त्या लढाईत पडलेल्यांत अनेकजण याच पूर्व प्रांतांतील होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे मित्रराष्ट्रांनी पोलंडची पूर्वसीमा पश्चिमेकडे सरकविण्यास मान्यता दिली. ल्वूव व विल्नो ही शहरे आणि त्यांभोवतालचे प्रांत सोव्हिएत संघात गेले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली व वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली.

या घटनांचा एकत्रित परिणाम वळिवड्यावर काय झाला हे नीट पाहिले पाहिजे. ज्या सरकारच्या नावाने वसाहत चालत होती, ते सरकार कायद्याच्या दृष्टीने उरले नाही. निर्वासितांचा भार पुढे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य संघटनेकडे व तिच्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. परंतु याहून मोठी गोष्ट अशी, की येथील बहुसंख्य स्त्रियांची घरे आता पोलंडमध्येच नव्हती. त्या घर सोडून आल्या होत्या, आणि मागाहून घरावरून सीमारेषा सरकली होती. ‘परत जाणे’ या क्रियापदाचा अर्थच बदलला. पाच वर्षे ज्या परतीसाठी मुलांना तयार केले, ती परत आता दुसऱ्याच कोणत्या तरी गावी होणार होती.

निवडीला जे मार्ग होते ते ढोबळ मानाने तीन. पहिला, नव्या पोलंडला जाणे. तेथे या कुटुंबांना जर्मनीकडून मिळालेल्या पश्चिम प्रांतांत, व्रोत्सवाफ किंवा श्चेचिन यांसारख्या शहरांच्या परिसरात, जर्मनांनी सोडलेल्या घरांत राहावे लागणार होते. आणि सत्ता त्याच राज्याच्या छायेखाली होती, ज्याने त्यांना हद्दपार केले होते. ज्यांचे आप्त मायदेशी जिवंत होते अशा काहींनी तरीही हा मार्ग पत्करला. दुसरा मार्ग ब्रिटनचा. मार्च १९४७ मध्ये ब्रिटिश संसदेने पोलिश पुनर्वसन कायदा संमत केला. त्यायोगे ब्रिटिश आधिपत्याखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना त्या देशात राहण्याची सोय झाली. तिसरा मार्ग ज्यांचा कोणीही सैन्यात नव्हता त्यांचा : पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत जाऊन ऑस्ट्रेलिया, कॅनडा अथवा अमेरिका यांपैकी कोणी तरी घेण्याची वाट पाहणे. भारतात विवाह करून राहिलेल्या स्त्रिया अगदीच थोड्या.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. स्त्रीला मुलांसह कोणत्या देशात प्रवेश मिळेल, हे तिच्या पतीची, पुत्राची किंवा भावाची सैन्यातील नोंद ठरवीत होती. सात वर्षे मुलांना जगविणारी, शिकविणारी, तीन देशांतून पार नेणारी व्यक्ती ती. परंतु कागदोपत्री ती ‘अवलंबित’ होती. अनाथ मुलांची गोष्ट तर याहून बिकट. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील बरीच मुले वळिवड्याला आली होती. अशी मुले कोणाची, वॉर्सातील सरकारची की त्यांना सांभाळणाऱ्यांची, हा वाद जगभरच्या पोलिश छावण्यांतून उठला. १९४९ मध्ये टांगानिकातील तेंगेरू छावणीतली शंभरावर मुले इटलीमार्गे कॅनडाला नेण्यात आली, तेव्हा त्याचे रूपांतर आंतरराष्ट्रीय तंट्यात झाले.

१९४७ च्या मध्यापासून वळिवडे रिकामे होऊ लागले व १९४८ मध्ये वसाहत संपली. त्यांतील बहुसंख्यांचे गंतव्य ब्रिटन हे होते. युरोपातील एका देशातून त्याच खंडातील दुसऱ्या देशात जावयास त्यांना आठ वर्षे लागली, आणि वाट सैबेरिया, उझबेकिस्तान, इराण व कोल्हापूर यांवरून गेली. तेथे पोहोचल्यावरही प्रथम मिळाले ते लष्कराने सोडलेल्या तळांवरील अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांतले बिऱ्हाड. नॉर्थविक पार्क, स्टोवेल पार्क, पेन्‍ऱ्होस अशा पोलिश वसाहती ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे टिकल्या. मुलांच्या दृष्टीने हे देशांतर पूर्वीच्या दोहोंपेक्षा सोपे होते, कारण इंग्रजी त्यांच्या कानांवरून गेली होती व शाळा चालू राहिली. मातांच्या दृष्टीने ते सर्वांत अवघड असावे. पूर्वीच्या प्रत्येक मुक्कामाला ‘परत जाईपर्यंत’ ही मर्यादा होती; या मुक्कामाला ती नव्हती.

६

वळिवड्याची कथा पोलिश लोक गेल्यानंतर थांबत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांना याच बराकींत जागा देण्यात आली आणि त्यांतून गांधीनगर उभे राहिले. त्यांच्याही घरांवरून सीमारेषा गेली होती. ज्या कराची बंदरातून पोलिश कुटुंबे भारतात शिरली, तेच बंदर यांच्यासाठी परमुलूख झाले होते. एकाच चटईच्या भिंतीआड, अवघ्या थोड्या अंतराने, दोन समाजांतील स्त्रियांनी मुलांना घेऊन संसार मांडले. मात्र पोलिश मातेने मुलांना परतीसाठी वाढविले, तर सिंधी कुटुंबांनी परतीचा विचार सोडून व्यापारास प्रारंभ केला. पहिल्या वसाहतीचे अवशेष म्हणून स्तंभ व कबरी उरल्या. दुसरीचे नगर झाले. परतीची अपेक्षा समाजजीवनाला कोणता आकार देते, याचा तौलनिक अभ्यास करण्यास याहून योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळताना केवळ स्मारकांच्या व समारंभांच्या अनुषंगाने त्याचा विचार करू नये, एवढेच शेवटी सुचवावेसे वाटते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील रीजन्सीच्या काळचे दप्तर, वळिवडे व उचगाव परिसरातील जुन्या घरांतून सांगितल्या जाणाऱ्या हकीकती, गांधीनगरातील सिंधी कुटुंबांच्या आठवणी आणि पोलिश संकलने ही साधने शेजारी शेजारी मांडून वाचली पाहिजेत. आश्रय कोणी दिला हे आपण पुष्कळदा विचारले आहे. आश्रय घेणारीने त्या पाच वर्षांत मुलांसाठी काय ठरविले, काय ठरविणे तिच्या हाती नव्हते, आणि १९४८ मध्ये वळिवड्याच्या फलाटावर उभी असताना ती मुलांना कोठे नेत होती, हे विचारावयाचे अजून राहिले आहे.